झील कोण धरणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर एक छोटी बातमी होती. व्यसनमुक्तीपासून मतदानापर्यंतची ‘प्रबोधनपर गाणी’ वाजवणारे एलईडी चित्ररथ गावोगावी फिरणार, आणि त्यामुळं कलापथकांवर वाया जाणारा खर्च वाचणार. बातमीबरोबर हिरवा झेंडा दाखवतानाचं छायाचित्र. त्यात गाडी आहे, साहेब आहेत, फुगे आहेत. गाणारं माणूस एकही नाही. छायाचित्र कापून ठेवलं आणि पत्र लिहायला बसले.

मी निवृत्त अंगणवाडी सेविका. वीसेक वर्षं सवड होईल तशी कलापथकात होते. पुढं उभं राहून गायले नाही. शाहिरांच्या डाव्या हाताला, तुणतुणंवाल्याच्या शेजारी उभी राहून झील धरली. ज्यांनी पोवाडा फक्त टीव्हीवर पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते: शाहीर कडवं म्हणतो, आणि कडव्याचा शेवट उचलून ‘जी जी रं जी’ करत त्याला श्वास घेऊ देतात ते झीलकरी. पत्रिकेत त्यांचं नाव नसतं, ती माणसं ‘आणि सहकारी’ या दोन शब्दांत राहतात. मानधनाच्या यादीतही शेवटी. पण झील पडली की शाहीर उघडा पडतो, हे प्रत्येक शाहिराला माहीत असतं.

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या भागात साक्षरता अभियान आलं. राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ साली सुरू झालं होतं, केरळातला एर्नाकुलम जिल्हा १९९० मध्ये पूर्ण साक्षर जाहीर झाला होता, आणि मग ठिकठिकाणी कलाजत्थे, म्हणजे गाणी-नाटुकली करत गावोगाव फिरणारी पथकं, निघू लागले. मला जत्थ्यात घेतलं ते माझ्या आवाजासाठी नव्हे, गावोगाव हिंडायला तयार असलेली बाई मिळत नव्हती म्हणून. सासूबाईंनी एकच अट घातली: कडेवरचं पोर बरोबर न्यायचं. ते पोर महिनाभर ढोलकीच्या पिशवीवर झोपलं. आता ते स्वतः दोन मुलांचं बाप आहे आणि त्याला ढोलकीचा आवाज सहन होत नाही.

त्या महिन्यात एक गोष्ट शिकले. खेळ कुठं लावायचा यावर अर्धं काम ठरतं. मारुतीच्या पारावर लावला की खालच्या वस्तीतल्या बाया लांबून, भिंतीआडून ऐकायच्या. समाजमंदिरापुढं लावला की वरच्या आळीतलं कुणी फिरकायचं नाही. आमचे शाहीर हट्टानं शाळेच्या पटांगणाची जागा मागायचे आणि पहिलं गाणं साधं, टाळ्यांचं घ्यायचे. समोरच्यांनी दोन्ही बाजूंनी झील उचलेपर्यंत ते पुढचं कडवं सुरूच करायचे नाहीत. ढोलकी नुसती चालू ठेवायची. कधी पाच मिनिटं, कधी दहा. आम्ही अवघडून जायचो. ते मात्र शांत उभे. मग कुणीतरी पोरगं ओरडून ध्रुपद म्हणायचं, दुसऱ्या बाजूनं त्याला उत्तर यायचं, आणि खेळ सुटायचा.

या अभियानात वाचायला शिकलेल्या बऱ्याच जणी वर्षा-दोन वर्षांत विसरल्या हे मी कबूल करते. घरी वाचायला होतंच काय? रेशनकार्ड आणि कॅलेंडर. पण ज्या बाईनं डोईवरचा पदर सावरत, सासऱ्यासमोर, भर पटांगणात मोठ्यानं झील धरली, ती नंतर पूर्वीसारखी राहिली नाही. १९९३ च्या घटनादुरुस्तीनंतर ग्रामपंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखीव झाल्या, तेव्हा नवऱ्यानं सांगितलं म्हणून अर्ज भरणाऱ्या पुष्कळ होत्या. स्वतःहून भरणाऱ्या आमच्या पट्ट्यात मला माहीत असलेल्या चौघी. चौघीही जत्थ्याबरोबर गायलेल्या. भाषण करायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण चारचौघांत आपला आवाज कसा लागतो हे त्यांनी एकदा ऐकलं होतं.

तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात तर साक्षरतेच्या जोडीनं हजारो बायका सायकल शिकल्या आणि सायकलीवर गाणं झालं, हे आम्हाला शिबिरात सांगितलं होतं. आमच्याकडं सायकल आली नाही. आमच्याकडं बाटली आली.

महाराष्ट्रात ‘आडवी बाटली’ची पद्धत अनेकांना ऐकून माहीत आहे, पण तिची मेख किती जणांना माहीत असेल कोण जाणे. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या देऊन मागणी केली, तर दारूच्या दुकानाबद्दल बायकांचं गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. मेख अशी की आडव्या बाटलीला गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात, आलेल्यांच्या नव्हे. म्हणजे नांदायला गेलेली पण यादीत राहिलेली लेक, मुंबईला कामाला असलेली सून, मेलेली पण नाव न कमी केलेली आजी, या सगळ्या घरी बसल्या बसल्या उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्या जातात. तेव्हा प्रश्न नुसत्या मनाचा राहत नाही. दारोदार जाऊन बाई बाहेर काढायची असते, आणि त्याला गाण्यासारखं दुसरं साधन मला तरी माहीत नाही.

आमच्या शाहिरांनी जात्यावरच्या ओवीच्या चालीत गाणं बांधलं. सुरुवात अशी होती:

पगार गं बांधीयला, पदराच्या कोपऱ्यात,
दारुड्या गं माझ्या धन्या, गेला गुत्त्याच्या घशात.

पहिल्या ओळीला बायकांनी झकास झील धरली. दुसऱ्या ओळीला पटांगण गप्प. आम्हाला वाटलं चाल कळली नाही. परत म्हटलं, परत गप्प. तिसऱ्या वस्तीवरही तेच. खेळ संपल्यावर एक म्हातारी माझ्याजवळ आली. पायाला भेगा, हातात चंची. म्हणाली, “ताई, आमच्या तोंडनं आमच्याच मालकाची अब्रू काढताय व्हय? त्यो पितोय ते समद्यांस्नी ठाव हाय. पाजतोय त्याला इचारा की.”

मी ते शाहिरांना सांगितलं. ते तिथंच जीपच्या बॉनेटवर वही टेकवून बसले. दुसऱ्या दिवशी ओळ अशी झाली:

पाजणाऱ्या दुकानदारा, गेला तुझ्याच घशात.

काय सांगू, संपादक महाशय. झील अशी आली की तुणतुणं ऐकू येईना. त्या आठवड्यात नागपंचमी होती. झिम्म्यात, फुगडीत हीच ओळ. पोरी शाळेत जाताना म्हणायला लागल्या. आणि गंमत म्हणजे रोज पिणारे दोन-तीन बाप्येसुद्धा मागं उभे राहून टाळी धरू लागले, कारण आता गाणं त्यांच्यावर नव्हतं. त्यांतल्या एकानं आपल्या बायकोला मतदानाला स्वतःच्या मोटारसायकलवरून आणलं आणि संध्याकाळी पिऊन आला. दोन्ही खरं.

पहिल्या मतदानात आम्ही २३ मतांनी हरलो, मेलेल्या आजींमुळं. मग यादी दुरुस्त करून घेतली. दुसऱ्या वेळी बाटली आडवी झाली आणि दुकान बंद झालं. दारू बंद झाली असं मी म्हणणार नाही. ओढ्याच्या कडेला पिशवीतली मिळते अजून, आणि तिला परवानाच नसल्यानं तिच्याविरुद्ध मतदानही घेता येत नाही. गाण्यानं सगळं होतं असं सांगणारा माणूस बहुधा गात नसतो.

पण त्या म्हातारीनं एक ओळ बदलायला लावली आणि गावातलं भांडण घराघरातून उठून रस्त्यावर, दुकानाच्या दाराशी आलं. माझ्या भाचीला हे सांगितलं तर तिनं एक गोष्ट ऐकवली. १९४५ साली अमेरिकेत, दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरात सिगारच्या कारखान्यात संप झाला. संपावर बहुसंख्य कृष्णवर्णीय बायका. फाटकापुढं त्या चर्चमधलं एक जुनं गीत म्हणायच्या. गीतात ‘मी’ होतं, मी तरून जाईन. संपाच्या थंडी-पावसात त्या ‘मी’चं ‘आपण’ झालं. तेच गाणं पुढं ‘वुई शॅल ओव्हरकम’ म्हणून जगभर गेलं आणि आपल्याकडं शाळाशाळांतून ‘हम होंगे कामयाब’ म्हणून पोरं म्हणतात. मी स्वतः अंगणवाडीत किती वर्षं म्हणून घेतलं, आणि त्यातला ‘हम’ कुणाच्या हाताचा आहे हे मला साठीत कळलं.

आपल्याकडं हे काही नवं नाही. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांवर पोवाडा लिहिला, सत्यशोधक समाज १८७३ चा, आणि पुढं सत्यशोधकांचे जलसे निघाले ते तमाशाच्याच साच्यात. गण, बतावणी, वग हे लोकांच्या अंगवळणी पडलेलं होतं. त्यातला शृंगार काढला आणि वगात सावकार आणला, भटजी आणला, पाटीदप्तर आणलं. सोंगाड्या तोच, हसायचं कुणाला ते बदललं. १९२० च्या आसपास आमच्याच सातारा जिल्ह्यात या जलशांनी कुळं इतकी उठवली की सावकारांची झोप गेली. मग प्रतिसरकारच्या काळात शाहीर शंकरराव निकमांचे पोवाडे. माझ्या आईनं लहानपणी ते ऐकलेले. तिला पोवाड्यातला मजकूर फारसा आठवत नव्हता. कंदील विझवून अंधारात झील धरायची, एवढं आठवत होतं.

नाशिककडं भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा. त्या दिवसांत ज्या वस्तीत वर्तमानपत्र पोचत नव्हतं आणि पोचलं तरी वाचणारं कुणी नव्हतं, तिथं सत्याग्रहाची बातमी जलशाच्या तोंडून गेली. आपल्या दहा सभा आणि जलशाचा एक कार्यक्रम सारखाच, असं बाबासाहेब म्हणाल्याचं आमच्याकडं जुनी माणसं सांगत. मुंबईच्या गिरणगावात १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊंनी संयुक्त महाराष्ट्रासाठी जी छक्कड लिहिली ती वरवर पाहता गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढणाऱ्या कामगाराची आहे. माणूस विरहाच्या ओळीत सापडायचा आणि शेवटी बेळगाव-कारवारपाशी येऊन उभा राहायचा.

आणि जातं? जात्यापाशी तर कुठलाच रथ कधी गेला नाही. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावात १९९६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्यांमध्ये बाबासाहेब आहेत, घरातल्या माणसासारखे. पहाटे पीठ दळताना त्या बायांसमोर श्रोता कोण होता? शेजारी खुंटा धरलेली दुसरी बाई. तेवढ्यावर ती गाणी दोन-दोन पिढ्या टिकली.

आता तुम्ही म्हणाल, मग चित्ररथाला विरोध कशासाठी, गाणं तर तिथंही आहे. माझं भांडण यंत्राशी नाही. आम्हीही भोंगा लावायचो आणि तो घूं घूं करायचा तेव्हा त्याला शिव्या घालायचो. भांडण आहे ते आधी ठरवून आलेल्या शब्दाशी. निवृत्तीच्या थोडं आधी एका सरकारी कचेरीनं आमचं पथक यादीवर घेतलं होतं. टाइप केलेली संहिता आली. वर टीप: शब्दात बदल करू नये. वेळ वीस मिनिटं. दिवसाला तीन गावं. प्रत्येक गावात सरपंचाची सही, शिक्का, आणि बॅनर दिसेल असा फोटो. प्रेक्षक दिसले पाहिजेत असं कुठं लिहिलं नव्हतं, म्हणून एका गावी दुपारी दोन वाजता आम्ही चावडीपुढं एका म्हशीसमोर मुलींच्या शिक्षणाचा पोवाडा म्हटला. फोटोत म्हैस येऊ दिली नाही. बिल मंजूर झालं, आठ महिन्यांनी.

तेव्हा कलापथकांवरचा खर्च वाया जात होता हे त्या बातमीतलं म्हणणं मला मान्य आहे. पण तो वाया का जात होता? आम्हाला त्यांनी आधीच चित्ररथ करून टाकलं होतं. आता खरा चित्ररथ स्वस्त पडतो, एवढंच.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, नाहीतर पत्र खोटं होईल. झील धरण्यात नशा असते. शंभर माणसं एका आवाजात म्हणायला लागली की शब्द तपासले जात नाहीत. मिरवणूक मुद्दाम दुसऱ्यांच्या दारासमोर थांबवून, आवाज चढवून वाजवलेली गाणी मी पाहिली आहेत. त्यांत आमच्या अंगणवाडीतून गेलेली पोरं नाचत होती. त्यांना मी टाळी धरायला शिकवलं होतं. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नको हा नियम २००० सालापासून आहे आणि पाळला पाहिजे. पण त्या गाण्यात काय म्हटलंय ते पावणेदहालाही कुणी विचारत नाही. डीजेचा आवाज इतका असतो की आपण काय म्हणतोय ते म्हणणाऱ्यालाच ऐकू येत नाही. आमच्या वेळी वाईट ओळ आली की निदान पटांगण गप्प व्हायचं. ते गप्प होणं मला आज फार मोलाचं वाटतं.

म्हणून आपल्या पत्रातून संबंधितांना माझं एवढंच मागणं आहे. गाड्या फिरवायच्या तर फिरवा. पण प्रत्येक तालुक्यात निदान एका पथकाला एका गावात तीन दिवस राहू द्या. पहिल्या दिवशी त्यांनी काही गाऊ नये. बसावं, ऐकावं, गावात कुठली चाल जिवंत आहे, हलगी कोण वाजवतो, पंचमीला बायका अजून झिम्मा खेळतात की मोबाइलवरच बघतात, ते पाहावं. दुसऱ्या दिवशी गाणं बांधावं. तिसऱ्या दिवशी ते गावानं म्हणावं आणि मोडावं. संहितेवरची ती टीप काढून टाका. फोटो हवाच असेल तर गाणाऱ्यांकडं पाठ करून, ऐकणाऱ्यांचा काढा. आणि हलगीवाल्याला त्याच दिवशी, हातात पैसे द्या. पिढ्यान् पिढ्या त्याच्याकडून फुकट वाजवून घेतलंय, आठ महिने थांबायला तोच का?

आमचे शाहीर चार वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या वह्या त्यांच्या मुलानं माझ्याकडं आणून दिल्या, रद्दीत घालवेना म्हणून. अकरा वह्या आहेत, दोन उंदरांनी खाल्लेल्या. त्यात खोडलेल्या ओळी फार आहेत आणि खोडलेल्या ओळीशेजारी कुठं ‘वस्ती’, कुठं ‘आजी’, कुठं नुसतं गावाचं नाव लिहिलंय, म्हणजे ती ओळ कुणी बदलायला लावली ते. एखाद्या महाविद्यालयानं किंवा ग्रंथालयानं त्यांची छायाप्रत करून घ्यायची तयारी दाखवली तर मी वह्या घेऊन येईन, एसटीच्या भाड्याचीही अपेक्षा नाही. चाली मात्र वहीत नाहीत. त्या म्हणून दाखवाव्या लागतील. माझा वरचा सूर आता लागत नाही, पण झील धरता येते. पुढं म्हणायला कुणीतरी हवं.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
जि. सातारा

(नाव-पत्ता कळवला आहे, कृपया छापू नये. दुकानदार अजून गावातच राहतात आणि आमच्या घरी हळदीकुंकवाला येणं-जाणं आहे.)